आतल्या माणसांची लेखिका : ललितांबिका अंतर्जनम्

नावातच पत्ता

केरळमधल्या जुन्या नंबूदिरी ब्राह्मण बाईच्या नावाच्या शेवटी 'अंतर्जनम्' हा शब्द हमखास यायचा. हे आडनाव नव्हे. आडनाव घराण्याचं असतं, ते पुरुषांनाही लागतं. 'अंतर्जनम्' फक्त बायकांना लागतं. त्याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही : आतली माणसं. आपल्याकडेही 'घरातली मंडळी' म्हणायची पद्धत होती, पण तिथे हा शब्द अक्षरशः खरा होता. वयात आलेल्या मुलीने पुन्हा घराबाहेर मोकळं तोंड काढायचं नाही, परक्या पुरुषाच्या दृष्टीस पडायचं नाही, घरातल्याच दिराशीही दाराआडून बोलायचं. जी बाई सूर्यालाही पाहत नाही ती 'असूर्यंपश्या' म्हणून गौरवायची, आणि त्या गौरवातच तिला कोंडायचं.

अशा घरात जन्मलेल्या ललितांबिका अंतर्जनम् (३० मार्च १९०९ ते ६ फेब्रुवारी १९८७) मल्याळम कथेतल्या पहिल्या फळीच्या लेखिका झाल्या. पुस्तकांवर त्यांनी नावातला तो शब्द शेवटपर्यंत ठेवला. ज्या आतल्या खोल्यांबद्दल बाहेर कुणी बोलत नव्हतं, त्या खोल्यांत बसूनच त्यांनी लिहिलं. त्यांच्या लेखनाचं मोठेपण मला इथे दिसतं. खिडकीतून डोकावणाऱ्याला दिसलेलं हे वर्णन नाही, ज्या बाईचे डोळे चुलीच्या धुराने चुरचुरत होते तिची ही साक्ष आहे.

घराचं गणित

ललितांबिका समजून घ्यायच्या तर नंबूदिरी घराची रचना आधी समजून घ्यायला हवी. कारण तिथला अन्याय कुणा एका दुष्ट सासूचा किंवा मारकुट्या नवऱ्याचा नव्हता. घराच्या हिशेबातच तो बसवलेला होता.

नंबूदिरी मोठे जमीनदार. त्यांच्या घराला 'इल्लम' म्हणतात. जमिनीची वाटणी होऊ नये म्हणून नियम असा की जातीत लग्न करायचं ते फक्त थोरल्या मुलाने. धाकट्या भावांनी नायर किंवा क्षत्रिय घरांतल्या बायकांशी 'संबंधम्' ठेवायचा. त्या घरांत वंश आईकडून मोजला जाई, त्यामुळे या संबंधातून झालेली मुलं आईच्या घराची. त्यांना बापाच्या जमिनीत वाटा नाही, बापाच्या पंगतीत पान नाही. बाप रात्री यायचा, सकाळी जायचा आणि आंघोळ करून पुन्हा सोवळा व्हायचा. सोवळ्यातल्या बापाला त्याच्याच मुलाने शिवायचं नाही.

आता साधं गणित करून पाहा. एका इल्लमात चार भाऊ आणि चार बहिणी आहेत असं धरू. चौघा भावांपैकी जातीत लग्न एकाचंच. शेजारच्या इल्लमातही तेच. म्हणजे चार मुलींमागे एक नवरा. यातून पुढचं सगळं ओघानेच येतं. थोरल्याला दोन-तीन बायका करायची मुभा मिळते. पन्नाशी-साठीच्या पुरुषाला चौदा-पंधरा वर्षांची मुलगी दिली जाते. हुंडा देऊन देऊन घरं रिकामी होतात. काही मुली जन्मभर तशाच राहतात आणि बऱ्याच जणी तरुणपणी विधवा होतात. विधवेला पुन्हा लग्न नाही. धाकटे भाऊ मात्र बाहेर मोकळे.

बाहेर पडायची वेळ आलीच, म्हणजे देवळात किंवा नात्यातल्या कार्याला जायचं असलं, तर अंतर्जनम् अंगभर पांढरं वस्त्र गुंडाळून घेई आणि हातात ताडपत्राची मोठी छत्री धरी. हिला 'मरक्कुडा' म्हणत, म्हणजे आडोशाची छत्री. ती उन्हापावसासाठी नसे. चेहरा झाकला जावा म्हणून ती खाली झुकवून धरायची. पुढे नायर दासी चालायची, वाटेतल्या लोकांना बाजूला व्हायला सांगत. छत्रीखालच्या बाईला रस्ता दिसायचा तो आपल्या पावलांपुरता.

कोट्टवट्टमची मुलगी

ललितांबिकांचा जन्म आजच्या कोल्लम जिल्ह्यातल्या पुनलूरजवळच्या कोट्टवट्टम गावी झाला. तेव्हा हा भाग त्रावणकोर संस्थानात होता. वडील दामोदरन पोट्टी विद्वान होते, नव्या विचारांचे होते आणि त्रावणकोरच्या प्रजासभेचे सदस्यही होते. पहिलं अपत्य मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा ते फार अस्वस्थ झाले, असं त्यांच्या मुलीनेच पुढे बालपणाच्या आठवणींत लिहिलं. मुलगी नको म्हणून ते अस्वस्थ झाले नव्हते. या जातीत राहून तिला माणसासारखं वाढवता येणार नाही, ही त्यांची खंत होती. हे सगळं सोडून मद्रासला निघून जावं, धर्मही बदलावा, असे उद्गार त्यांनी त्या भरात काढले. ते गेले नाहीत. पण लेकीला त्यांनी शिकवलं.

शाळेत पाठवणं शक्य नव्हतं. शिक्षक घरी यायचे आणि भावांबरोबर ती शिकायची. घरात पुस्तकं होती, वर्तमानपत्रं येत होती, पाहुण्यांच्या चर्चा कानांवर पडत होत्या. बहुतेक नंबूदिरी मुलींना स्तोत्रं पाठ करण्यापलीकडे अक्षरांशी संबंध ठेवू दिला जात नव्हता, त्या काळात ही मुलगी गांधीजींच्या बातम्या वाचत होती. चौदा-पंधराव्या वर्षी तिने गांधीजींवर एक लेख लिहिला आणि तो 'शारदा' मासिकात छापूनही आला.

याच सुमाराला एक पुस्तक तिच्या हाती पडलं : रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे'चा मल्याळम अनुवाद. तो केला होता बी. कल्याणी अम्मा यांनी. त्रावणकोर सरकारने हद्दपार केलेले 'स्वदेशाभिमानी' रामकृष्ण पिळ्ळै यांच्या त्या पत्नी. घर आणि बाहेर यांच्या मधल्या उंबरठ्यावरची ती कादंबरी, एका हद्दपार संपादकाच्या बायकोने आपल्या भाषेत आणलेली, उंबरठ्याआड बसलेल्या मुलीने वाचली. ती इतकी भारावली की तिने तशीच एक कादंबरी लिहून काढली. ती कधी छापली गेली नाही. कादंबरीचं ते राहिलेलं काम पूर्ण व्हायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

वयात आल्यावर मात्र इतक्या पुढारलेल्या घरातही दार बंद झालं. मुलीला आत जावं लागलं. वडिलांचे विचार कितीही नवे असले तरी जातीच्या नियमापुढे त्यांचं काही चाललं नाही. ही गोष्ट ललितांबिकांच्या मनात घर करून राहिली असणार, असं मला त्यांची 'अग्निसाक्षी' ही कादंबरी वाचताना सारखं वाटत राहतं. चांगल्या माणसाची हतबलता त्यांनी इतकी जवळून कशी रंगवली, याचं उत्तर इथे सापडतं.

दाराला कडी लावून

सतरा-अठराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सासर कोट्टयम भागातलं रामपुरम, घराणं अमनकरा. पती नारायणन नंबूदिरी शेती बघायचे. ते समजूतदार होते, बायकोच्या लिहिण्याच्या आड आले नाहीत. तरी घर मोठं होतं. पहाटेच्या आधी उठायचं, धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात दिवस काढायचा, सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळायचे, एकामागून एक मुलांना वाढवायचं. रात्री मुलं झोपली की त्या दाराला कडी लावायच्या आणि छोट्याशा दिव्याच्या उजेडात लिहायला बसायच्या. धूर आणि मंद उजेड यांनी डोळे बिघडले. दुखणं असह्य झालं की डोळे मिटून लिहायच्या.

हे चित्र मनात ठेवून त्यांच्या कथा वाचल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्या कितीतरी कथांत कुणीतरी रात्री कुणाला तरी आपली हकिगत सांगत असतं. दिवसा बोलायला जिथे जागा नसते तिथे बायका अशाच बोलतात.

छत्री टाकण्याचे दिवस

नंबूदिरींची योगक्षेम सभा १९०८ साली स्थापन झाली. सुरुवातीला ती जमीनदारांचे हितसंबंध सांभाळणारी संस्था होती. १९२०च्या दशकात मात्र तरुण मंडळी तीत शिरली आणि त्यांनी घरातल्या व्यवस्थेलाच हात घातला. त्यांत व्ही. टी. भट्टतिरीपाद यांचं नाव सर्वांत मोठं. त्यांचं 'अडुक्कळयिल् निन्नु अरंगत्तेक्कु' हे नाटक डिसेंबर १९२९मध्ये त्रिशूरजवळ पहिल्यांदा झालं. नावाचा अर्थ 'स्वयंपाकघरातून रंगमंचावर'. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची ती गोष्ट. पडद्याआडून नाटक पाहणाऱ्या बायकांनी आपलंच घर रंगमंचावर पाहिलं.

पार्वती नेन्मिनिमंगलम् आणि आर्या पळ्ळम् या दोघींनी छत्री टाकली, अंगावर रवका, म्हणजे चोळी, चढवला आणि सभेत उभ्या राहून भाषणं केली. १९३४ साली एम. आर. भट्टतिरीपाद यांनी उमा अंतर्जनम् या विधवेशी लग्न केलं. हा नंबूदिरींमधला पहिला विधवाविवाह, आणि त्याची किंमत म्हणून बहिष्कार आलाच. कायदेही बदलत होते. १९३३च्या मद्रास नंबूदिरी कायद्याने धाकट्या मुलांच्या जातीतल्या लग्नाला आणि वाटणीला वाट मोकळी केली.

ललितांबिकांनीही छत्री टाकली आणि त्या सभांना जाऊ लागल्या. विधवाविवाहाच्या बाजूने त्यांनी नाटक लिहिलं. तरी त्यांचा पिंड कार्यकर्तीचा नव्हता. चळवळ भाषणं देत होती, ठराव करत होती. ज्या बाईला सभेपर्यंत पोचताच येत नाही, तिचं काय? तिची गोष्ट त्यांनी आपल्याकडे घेतली.

'साधनम्' म्हणजे कोण?

नंबूदिरी बाईवर व्यभिचाराचा संशय आला की तिची चौकशी व्हायची. त्या चौकशीला 'स्मार्तविचारम्' म्हणत. ती कशी चालायची हे जरा बारकाईने पाहावं लागेल, कारण ललितांबिकांच्या सर्वांत धारदार कथा तिथूनच निघतात.

आधी बाईच्या दासीला विचारायचं. दासीने संशयाला दुजोरा दिला की बाईला घरापासून वेगळ्या केलेल्या एका खोलीत, 'अंचाम्पुरे'त, ठेवायचं. मग राजाच्या परवानगीने धर्मशास्त्र जाणणारा मुख्य चौकशी अधिकारी, म्हणजे 'स्मार्तन', आणि त्याचे सहकारी यायचे. प्रश्न थेट तिला विचारायचे नाहीत. दासी मधे उभी राहून प्रश्न आत नेणार आणि उत्तर बाहेर आणणार. चौकशी दिवसच्या दिवस, कधी महिनोन्महिने चालायची. या सगळ्या मंडळींचं जेवणखाण त्या घरावर. आणि या काळात त्या बाईला नावाने हाक मारायची नाही, 'ती' असंही म्हणायचं नाही. तिला म्हणायचं 'साधनम्', म्हणजे वस्तू. अजून गुन्हा शाबीत व्हायचा असतो, पण माणूसपण पहिल्याच दिवशी काढून घेतलेलं असतं. मी स्मार्तविचाराबद्दल जेवढं वाचलं त्यात हा एक शब्द मला सर्वांत भयंकर वाटतो.

दोष सिद्ध झाला की घरचे तिचं जिवंतपणी और्ध्वदेहिक करायचे आणि तिला घराबाहेर काढायचे. त्यानंतर मंडळींचं शुद्धीचं जेवण व्हायचं.

१९०५ साली कोची संस्थानात कुरियेडत्तु सावित्री, म्हणजे तात्री, हिची अशीच चौकशी झाली. आधीच्या आरोपी बायका मान खाली घालून उभ्या राहत. तात्रीने नावं सांगितली. एक नाही, दोन नाही, चौसष्ट पुरुषांची, तपशिलासकट. त्यांत नंबूदिरी पंडित होते, नामांकित कथकळी नट होते, गायक-वादक होते. राजाने या पुरुषांनाही उलटतपासणीची संधी दिली. तात्री डगमगली नाही. सगळे पुरुष बहिष्कृत झाले. पासष्टाव्या माणसाची अंगठी तिने पुढे केली आणि हेही नाव सांगू का असं विचारलं, तेव्हा राजाने चौकशी तिथेच थांबवली, अशी आख्यायिका केरळमध्ये अजून सांगतात.

तात्री परत येते

या घटनेला तेहेतीस वर्षं झाल्यावर, १९३८ साली, ललितांबिकांनी 'प्रतिकारदेवता' ही कथा लिहिली. तोवर तात्रीचं नाव चांगल्या घरात उच्चारायचं नाही असाच दंडक होता. कथेची बांधणी अशी : मध्यरात्री, घर झोपल्यावर, एक लेखिका कागद पुढे घेऊन बसली आहे. काय लिहावं ते तिला सुचत नाही. लिहिलं तर लोकनिंदा, न लिहावं तर मन स्वस्थ बसू देत नाही. अशा वेळी तिच्यासमोर एक स्त्री येऊन उभी राहते आणि आपली कहाणी सांगू लागते. ती तात्री असते.

नवऱ्याने वेश्येला घरी आणलं, बायकोला तिच्यासमोर अपमानित केलं आणि तिच्याकडून काही शीक असं सुचवलं. मग तात्री ते शिकलीच. घराबाहेर पडली, रूप पणाला लावलं आणि एकेका प्रतिष्ठित पुरुषाला जाळ्यात ओढत गेली. शेवटी तिची कीर्ती ऐकून तिचा नवराच, ओळख न पटता, तिच्या दारी आला. समाज जिला पतित म्हणत होता ती या कथेत न्यायासनावर बसते आणि चौकशी पुरुषांची होते.

तात्रीला देवी करून ललितांबिका मोकळ्या झाल्या असत्या, तर ही नुसती आवेशाची कथा झाली असती. पण ऐकणारी लेखिका तिच्याशी वाद घालते. तुझा सूड खरा, तुझं धाडस मोठं. पण त्याने पुढच्या बायकांवरचा पहारा आणखी कडक झाला, तुझं नाव भीती घालायला वापरलं गेलं. एकटीच्या सुडाची ताकद सगळ्यांच्या लढ्यात उतरली असती तर? तात्री ऐकते आणि पहाट होताना नाहीशी होते. दोघींपैकी कुणाचं खरं, हे कथा सांगत नाही. मला विचाराल तर लेखिकेचं म्हणणं बरोबर आहे आणि तात्रीचं दुःख त्याहून मोठं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाचकाच्या पदरात टाकणं सोपं नाही.

'कुट्टसम्मतम्', म्हणजे गुन्ह्याची कबुली, ही दुसरी कथाही स्मार्तविचाराचीच. तिथे लहानपणी विधवा झालेली तरुणी चौकशी करणाऱ्यांसमोर बोलते. ती दोष नाकारत नाही. आपलं वय, आपलं शरीर आणि आपलं उभं आयुष्य ती त्यांच्यापुढे मांडते आणि दोष नेमका कुणाचा ते विचारते. 'साधनम्' म्हटल्या गेलेल्या बाईला ललितांबिकांनी तिचं 'मी' परत दिलं, ते अशा प्रथमपुरुषी कथांमधून.

इल्लमाबाहेरच्या कथा

त्यांना फक्त नंबूदिरी बायकांची लेखिका म्हणणं अन्यायाचं होईल. 'माणिक्कन' ही त्यांची कथा अळकन या पुलय जातीच्या शेतमजुराची आणि त्याने पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बैलाची आहे. जमीनदाराच्या सत्तेखाली माणूस आणि जनावर यांची अवस्था कशी सारखीच असते, ते तीत दिसतं. जमीनदार जातीत जन्मलेल्या बाईने हे लिहिलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

'धीरेंदु मजुमदारुडे अम्मा' ही कथा थेट बंगालमधली. मुलं देशासाठी दिलेली एक वृद्ध आई, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात राहिलेली, बांगलादेशच्या मुक्तिलढ्याच्या दिवसांत आपलं आयुष्य सांगते. सीमा बदलली की तिचा देशच बदलतो, पण आई तीच राहते. 'मनुष्यपुत्री'त जमिनी गेल्यावर भणंग झालेल्या इल्लमातली वृद्धा येते. एके काळी दारी आलेल्याला जेवू घालणारी ती बाई आता मोठ्या झालेल्या पुढाऱ्याच्या दारात उभी राहते. ज्या व्यवस्थेवर ललितांबिकांनी आयुष्यभर घाव घातले, ती कोसळल्यावर तिच्याखाली सापडलेली माणसंही त्यांनी पाहिली.

त्यांच्या कथांमध्ये आई हे पात्र वारंवार येतं आणि त्याला त्या फार मोठं स्थान देतात. पुढच्या पिढीच्या काही वाचकांना हे खटकलं. मातृत्वाचा एवढा गौरव बाईला पुन्हा घरातच बांधतो, असा तो आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यांची आई नुसती सोसणारी नसते, ती जाब विचारणारी असते, हेही तितकंच खरं.

कथांखेरीज त्यांनी कविता आणि मुलांसाठीची पुस्तकं लिहिली. 'सीता मुतल सत्यवती वरे' (१९७२) या लेखसंग्रहात त्यांनी रामायण-महाभारतातल्या स्त्रियांकडे स्वतःच्या नजरेने पाहिलं. 'आत्मकथक्कोरु आमुखम्' (१९७९), म्हणजे 'आत्मकथेची प्रस्तावना', हे त्यांचं आठवणींचं पुस्तक. पूर्ण आत्मकथा न लिहिता प्रस्तावनेवर थांबणं हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

'अग्निसाक्षी'

चार दशकं कथा लिहिल्यावर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९७६ साली, त्यांची 'अग्निसाक्षी' ही कादंबरी आली. आधी 'मातृभूमी' साप्ताहिकात क्रमशः, मग पुस्तकरूपाने. आकाराने छोटी, माणसं मोजकी.

देवकी ऊर्फ तेती ही सुधारक विचारांच्या घरातून मानम्पळ्ळी या कर्मठ इल्लमात सून म्हणून येते. तिचा नवरा उण्णी नंबूदिरी. आणि तिसरी तंकम, उण्णीच्या काकाची मुलगी. काका धाकटे, म्हणून तंकमची आई नायर, म्हणून तंकमही नायर. उण्णीवर तिची भावासारखी माया आहे, पण सोवळ्यातल्या त्या भावाला तिने शिवायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही.

कादंबरीचा कणा या दोन तरुणींच्या तुलनेत आहे. तेती जातीने वर आणि म्हणूनच कोंडलेली. तंकम जातीने खाली, तिला बापाच्या घरात मान नाही. पण ती शाळेत जाऊ शकते, कॉलेजात जाऊ शकते, मोकळ्या हवेत फिरू शकते. जात जितकी उंच तितकी बाईची खोली अंधारी. समाजशास्त्राच्या पुस्तकाला ज्यासाठी प्रकरण खर्ची घालावं लागेल ते इथे दोन मैत्रिणींच्या बोलण्यातून समजतं.

आई आजारी असल्याचा निरोप येतो तेव्हा तेतीला माहेरी जाऊ देत नाहीत, कारण भावाने जातीचे नियम मोडलेले असतात. ती जातेच. मग सासरचं दार तिला कायमचं बंद होतं. पुढे ती स्वातंत्र्यलढ्यात उतरते, देवीबहन म्हणून ओळखली जाते, आणि तिथेही मन रमत नाही तेव्हा संन्यास घेऊन सुमित्रानंदा होते. कितीतरी वर्षांनी, आता वय झालेल्या तंकमची आणि तिची गंगेकाठी गाठ पडते. कादंबरी या भेटीच्या आधाराने मागे जाते आणि पुढे येते.

उण्णी वाईट का नाही

उण्णी बायकोवर हात उगारत नाही, दुसरं लग्न करत नाही. तो अभ्यासू आहे, मृदू आहे, तेतीवर त्याचं प्रेमही आहे. फक्त तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द मोडत नाही, आणि पूजा, जप, व्रतं यांतून त्याला बायकोसाठी वेळ उरत नाही. तो आयुष्यभर कर्तव्य करत राहतो आणि त्या कर्तव्याखाली एक जिवंत बाई गुदमरते.

माझ्या मते कादंबरीतली सर्वांत धाडसी गोष्ट तेतीचं घर सोडणं नाही, उण्णीचं चांगलं असणं आहे. खलनायक असता तर वाचकाने सगळा राग त्याच्यावर काढला असता आणि पुस्तक मिटलं असतं. इथे राग काढायला माणूसच सापडत नाही. शेवटी नजर त्या घराच्या नियमांवरच येऊन ठरते, आणि ते नियम तर सगळी चांगली माणसं मिळून पाळत असतात.

शेवटाबद्दल माझ्या मनात शंका आहे आणि ती लपवायचं कारण नाही. इतकं सगळं झुगारून बाहेर पडलेली तेती शेवटी संन्यासिनी का होते? घर नाही, राजकारण नाही, मग उरतो तो केवळ मठ? अनेक वाचकांना हा पराभव वाटतो. मलाही पहिल्या वाचनात तसंच वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की ललितांबिकांनी प्रामाणिकपणे एवढंच लिहिलं : त्या पिढीच्या बाईसाठी दार उघडलं होतं, बाहेर राहायला घर अजून बांधलं गेलं नव्हतं.

मान्यता

'अग्निसाक्षी'ला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, केरळ साहित्य अकादमीचाही मिळाला. वयलार पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मान याच कादंबरीला गेला. श्यामप्रसाद यांनी तिच्यावर १९९९मध्ये याच नावाचा चित्रपट केला. शोभना तेती झाली आणि उण्णीच्या भूमिकेत होता रजित कपूर, ज्याला आपल्याकडे दूरदर्शनच्या काळापासून लोक ब्योमकेश बक्षी म्हणून ओळखतात. वयस्क तंकमचं काम श्रीविद्याने केलं. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ललितांबिकांचे चिरंजीव एन. मोहनन हेही मल्याळमचे नावाजलेले लेखक.

त्यांच्यानंतर

मल्याळममध्ये 'पेण्णेळुत्तु', म्हणजे बाईचं लिहिणं, हा शब्द १९९०च्या सुमारास सारा जोसेफ यांच्या कथांच्या निमित्ताने रूढ झाला. ललितांबिका त्याआधी निवर्तल्या होत्या. मधल्या काळात के. सरस्वती अम्मा आल्या, ज्या पुरुषांच्या दांभिकतेवर जास्त कडवटपणे तुटून पडल्या. राजलक्ष्मी आल्या, माधवीकुट्टी म्हणजे कमला दास आल्या. प्रत्येकीचा बाज वेगळा. ललितांबिकांकडे माधवीकुट्टींचा शरीराविषयीचा मोकळेपणा नाही आणि सरस्वती अम्मांचा तिखटपणाही नाही. पण बाईच्या खोलीतली गोष्ट ही मल्याळम साहित्याची मध्यवर्ती गोष्ट होऊ शकते, हे आधी त्यांनी सिद्ध केलं होतं.

आणखी एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. १९२८ साली जन्मलेल्या देवकी निलयंगोड यांनी पंचाहत्तरीच्या आसपास पहिल्यांदा लेखणी हाती घेतली आणि नंबूदिरी घरातल्या आपल्या आठवणी लिहिल्या. काशाच्या बांगड्या, दासींच्या सोबतीत गेलेलं बालपण, छत्रीखालची वाट, सगळं त्यांत आहे. ललितांबिकांनी कथेत जे सांगितलं त्यात अतिशयोक्ती किती, असं कुणाला वाटत असेल तर त्याने हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावं.

कुठून सुरुवात करावी

मी ललितांबिका वाचल्या त्या इंग्रजी अनुवादांतून. 'अग्निसाक्षी'चा अनुवाद वासंती शंकरनारायणन यांचा आहे. कथा आणि आठवणींची निवड गीता कृष्णनकुट्टी यांनी 'कास्ट मी आउट इफ यू विल' या पुस्तकात दिली आहे. अलीकडे इतिहासाच्या अभ्यासक जे. देविका यांनीही त्यांच्या कथांचा संग्रह इंग्रजीत आणला आहे. आधी 'प्रतिकारदेवता' वाचा, लगेच त्यामागे बालपणाच्या आठवणी वाचा आणि मग 'अग्निसाक्षी' हाती घ्या. मल्याळम आणि मराठी दोन्ही येणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांना 'कुट्टसम्मतम्' मुळातून वाचून थेट मराठीत आणायला सांगा. ती कथा पानांनी लहान आहे आणि आपल्या भाषेत यायलाच हवी.